उतारावरचं गाव

शिरपूरच्या एसटी स्टँडवर थाळनेरच्या गाडीची चौकशी केली. खिडकीपलीकडच्या माणसाने आधी माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि विचारलं, "लगीन शे का तठे?" नाही म्हटलं. "मग दहावं?" तेही नाही. गाव पाहायला चाललोय, असं सांगितल्यावर त्याने वेळ सांगितली खरी, पण मी काहीतरी लपवतोय असंच त्याला वाटलं असणार. त्याची तरी काय चूक? थाळनेरला माणूस जातो तो सोयरिकीला, कामाला नाहीतर माहेरी. नुसतं बघायला म्हणून लोक मांडूला जातात, बऱ्हाणपूरला जातात, अजिंठ्याला तर जातातच. मी जळगावचा. पन्नास वर्षांचं आयुष्य या गावापासून शंभरेक किलोमीटरवर गेलं, तरी फारुकी राजांची पहिली राजधानी या अर्ध्या ओळीपलीकडे ते मला ठाऊक नव्हतं. परीक्षेत रिकामी जागा भरायला उपयोगी पडायचं, एवढंच.

गाडीला तास होता. काळी-पिवळी भरत आली होती, तिच्यात मागे कोपरा मिळाला. मांडीवर कुणाचीतरी खताची पिशवी, पायाशी मेथीच्या जुड्या.

आदल्या दिवशी मी धुळ्यात मामेभावाकडे होतो. त्याच्याकडे बट्टी, डाळ आणि घोटलेल्या वांग्याची भाजी असा बेत होता, म्हणजे दुपारनंतर काही करण्यासारखं उरलं नव्हतं. संध्याकाळी त्याने स्कूटरवर लळिंगपर्यंत नेलं. धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबईच्या रस्त्यावर, आठ-दहा किलोमीटरवरचा हा डोंगरी किल्ला. पायथ्याशी उभं राहून तो म्हणाला, "दादा, उद्या थाळनेरला जातोस तर हे आधी बघून घे. ही दोन्ही भावाभावांची वाटणी आहे." तो शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे त्याच्या बोलण्यात प्रश्न कमी आणि उत्तरं जास्त. पण वाटणीची गोष्ट खरी होती. ती पुढे येईल.

धुळ्याच्या आसपास जमीन दगडी आहे. उघड्या माळावर अधूनमधून काळ्या दगडाची सरळसोट भिंत दिसते, कुणी मुद्दाम बांधून अर्धवट टाकल्यासारखी. या भिंती कुणी बांधलेल्या नाहीत. दख्खनचा लाव्हा थिजला, त्याला भेगा पडल्या, त्या भेगांतून पुन्हा लाव्हा वर घुसला आणि थिजला. आजूबाजूचा खडक ऊन-पावसाने झिजून गेला, भेगेतला कडक दगड मात्र उभा राहिला. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात अशा डाइकांचा मोठा थवाच आहे आणि बहुतेकांचा रोख पूर्व-पश्चिम. तापी जाते तोच.

आग्रा रोडने उत्तरेला निघालं की सोनगीरचा किल्ला डाव्या-उजव्या बाजूच्या वादात न पडता एकदम समोर येतो. खाली गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं. एकेकाळी खान्देशातल्या मुलीच्या रुखवतात सोनगीरचा हंडा नसेल तर कुजबुज व्हायची. पुढे नरडाणा, रेल्वेचं फाटक, कारखान्यांची धुराडी. आणि मग जमीन हळूच खाली उतरू लागते. रंग बदलतो. दगड नाहीसा होतो, काळी माती खोल होत जाते आणि नदीच्या जवळ पोचेपर्यंत पिवळसर गाळाचे कापलेले काठ दिसू लागतात. ही तापीची खोली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधल्या खचलेल्या पट्ट्यात ही नदी वाहते. गोदावरी, कृष्णा पूर्वेला गेल्या. तापीने, नर्मदेसारखी, पश्चिम धरली. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, सुरतेच्या खाली समुद्र, अंतर ७२४ किलोमीटर. या खचलेल्या पट्ट्यात हजारो वर्षांचा गाळ साठलेला आहे आणि काही ठिकाणी तो शेकडो फूट खोल आहे. जळगावच्या बाजूला त्याच गाळावर केळी उभी राहते.

या गाळाचं एक दुखणंही आहे. वरून जमीन सुपीक, पण पाणी उपसत गेलं की ते खाली खाली जातं. पाऊस इथे बेताचाच. शिरपूर तालुक्यात विहिरी कोरड्या पडून लोक बोअरवर बोअर मारत गेले. २००४ च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून, त्यात ओळीने सिमेंटचे बंधारे बांधून पाणी जमिनीत जिरवायचं काम इथे सुरू केलं. 'शिरपूर पॅटर्न' हे नाव पुढे राज्यभर गाजलं. काळी-पिवळीतला माझा शेजारी मात्र त्याला पॅटर्न वगैरे म्हणत नव्हता. खिडकीतून हात काढून एका नाल्याकडे दाखवत म्हणाला, "याच्या आधी माझ्या विहिरीत बादली आपटायची." आपटायची, हे क्रियापद मला आवडलं. रिकाम्या विहिरीचा आवाज त्यात आहे.

चोपड्याच्या रस्त्यावरून उजवीकडे वळलो. दोन्ही बाजूला कापसाच्या पऱ्हाट्या, मधे दादरचं उभं पीक. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. तिच्या भाकरीची सवय लागलेला माणूस दुसऱ्या ज्वारीला नावं ठेवतो. मीही ठेवतो. मग एक चढ, घरांची दाटी, आणि चढाच्या पलीकडे काही नाही. एकदम खाली नदी.

थाळनेर तापीच्या उत्तर काठावर आहे. नकाशात हे वाचलं होतं. पण काठावर उभं राहिल्यावर त्याचा अर्थ कळतो. पलीकडे शिंदखेड्याचा मुलूख, त्यामागे नंदुरबार, त्यामागे सुरत. अलीकडे चोपडा, रावेर, बऱ्हाणपूर, आणि तिथून आग्रा. म्हणजे समुद्राकडून हिंदुस्थानच्या पोटात जाणारा माणूस तापीच्या दक्षिणेने चालत यायचा आणि इथे नदी ओलांडून उत्तर काठ धरायचा. नदी पायी ओलांडता येते त्या जागेला आपल्याकडे उतार म्हणतात. थाळनेर हे उताराचं गाव.

याला साक्षीदार आहेत आणि तेही चांगले चोख. १६१० मध्ये विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून निघून याच वाटेने गेला. त्याने लिहून ठेवलंय की या गावाच्या अलीकडची वाट चोरांची आहे, गाव चांगलं आहे, किल्ला आहे, आणि नदी अशी की पावसाळ्यात नावेवाचून पलीकडे जाता येत नाही. एका ओळीत त्याने गावाचा भूगोल उरकला. पाचच वर्षांनी, १६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाला भेटायला निघाला तो याच रस्त्याने: नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर, बऱ्हाणपूर. जवाहिरांचा फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याच्या मुक्कामांच्या यादीतही हीच गावं याच क्रमाने येतात. तिघांनीही नावांची आपापल्या परीने मोडतोड केली आहे. पण तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला ती वाचताना अडत नाही. आमच्या एसटीचा जुना थांबेफलकच वाचल्यासारखा वाटतो.

ज्याच्या हातात उतार, त्याच्या हातात रस्ता. हे फिंचच्या आधी अडीचशे वर्षं एका माणसाने ओळखलं होतं. मलिक राजा फारुकी. त्याची गोष्ट इतिहासकार फिरिश्ता सांगतो ती अशी: दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक गुजरातच्या बाजूला शिकारीला निघाला, लवाजम्यापासून लांब पडला आणि उपाशीपोटी एका झाडाखाली बसला. तेवढ्यात शिकारी कुत्री बरोबर घेतलेला एक स्वार आला. सुलतानाने खायला काही आहे का विचारलं. स्वाराने जवळ होतं ते पुढे ठेवलं. तो स्वार मलिक राजा, चांगल्या घराण्यातला पण दिवस फिरलेला. १३७० मध्ये सुलतानाने त्याला थाळनेर आणि भोवतालचा मुलूख दिला. एका जेवणाची किंमत म्हणून बरी आहे. अर्थात अशा गोष्टींत झाड, भूक आणि ओळख न पटलेला राजा नेहमीच असतात, तेव्हा तपशिलावर फार भार टाकू नये. मुलूख मिळाला हे खरं. बागलाणच्या राजावर स्वारी करून त्याने हत्ती मिळवले, ते दिल्लीला पाठवले, मानमरातब वाढवून घेतला, आणि १३८२ पासून तो जवळजवळ स्वतंत्रच झाला.

पूर्व-पश्चिम रस्त्यावर बसलेल्या माणसाला शेजारी सांभाळावे लागतात. पश्चिमेला गुजरात बळकट होत होता, उत्तरेला माळवा. मलिक राजाने माळव्याशी सोयरीक केली: आपली मुलगी तिकडच्या दिलावरखानाच्या मुलाला, होशंगला, दिली आणि दिलावरखानाची मुलगी आपल्या मुलाला, नासिरला, केली. साटंलोटं. त्या बळावर नंदुरबार-सुलतानपूर घ्यायला गेला आणि गुजरातच्या मुजफ्फरशहाने त्याला पिटाळत आणून थाळनेरातच कोंडलं. शेवटी तह करून सुटला. १३९९ मध्ये तो मेला तेव्हा त्याने केलेली वाटणी म्हणजे माझ्या मामेभावाने लळिंगच्या पायथ्याशी सांगितलेली: थोरल्या नासिरखानाला लळिंग, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. डोंगर एकाला, नदी दुसऱ्याला. अशी वाटणी कुठल्या घरात टिकली आहे? थोरल्याने १४१७ मध्ये माळव्याची फौज मदतीला घेऊन धाकट्याचं थाळनेर काढून घेतलं.

त्याच नासिरखानाने असीरगड घेतला, तो असा: गडाचा धनी आसा अहिर याला निरोप पाठवला की शत्रूची भीती आहे, बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. डोल्या वर गेल्या. पहिल्या दिवशीच्या डोल्यांत खरोखर बायका होत्या आणि आसाच्या घरच्यांनी त्यांचं आगतस्वागत केलं. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांतून हत्यारबंद माणसं उतरली. त्यानंतर तापीकाठी बऱ्हाणपूर वसलं. खुलदाबादचे संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून गावाचं नाव, आणि पलीकडच्या काठावर त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद. शेख जैनुद्दीन स्वतः नदीकाठी आले आणि त्यांनी ही नावं सुचवली, असं सांगतात. पण शेख १३६९ मध्येच वारले होते. गोष्टीला तारखांची फिकीर नसते.

बऱ्हाणपूर मोठं झालं आणि राजधानी तिकडे गेली. म्हणजे थाळनेर राजधानी राहिलं ते किती? तीस-चाळीस वर्षं. धुळ्यात बसून मी हा हिशेब केला तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं. एवढ्याशा कारकिर्दीसाठी आपण उन्हातून चाललोय. पण गावात पोचून कबरींपाशी गेल्यावर दुसरी बाजू दिसली.

गावात या कबरींना हजिरा म्हणतात. चहाच्या टपरीवर विचारलं तेव्हा धोतर नेसलेले एक आप्पा बाकावर सरकले. "कथाईन उनात भाऊ?" जळगावहून म्हटल्यावर, "आठे काय देखाले उनात?" राजांच्या कबरी, म्हटलं. "हजिरा!" त्यांनी माझं मराठी दुरुस्त केलं, "बठा, च्या ल्या, मंग पोऱ्याले धाडस." आणि खरोखर एक पोऱ्या बरोबर दिला. वय बारा-तेरा, एका हातात मांजा गुंडाळलेली काडी, संक्रांत होऊन आठवडा झाला तरी पतंगाचा मोसम त्याच्यापुरता संपला नव्हता.

घुमटांचा एक छोटा समूह आहे. काही उभे, काही ढासळलेले. बहुतेक चौरस बैठकीचे, वर घुमट. एक आठ कोनांचा, आणि तोच सगळ्यांत देखणा. माळव्यात मांडूला होशंगशहाची संगमरवरी कबर ज्यांनी पाहिली असेल त्यांना या इमारतींच्या अंगलटीत तिची आठवण येईल. तसाच चौरस धड, तसाच बसका जोर. तिथलं संगमरवर मात्र इथे नाही. मलिक राजाची मुलगी त्याच होशंगला दिली होती, हे लक्षात ठेवून पाहिलं तर व्याह्यांच्या घरचा कारागिरीचा वळसा इकडे आला यात नवल नाही. अष्टकोनी इमारतीच्या एका कोपऱ्याशी मी बराच वेळ उभा राहिलो. दगडात कोरलेली वेल कोपरा वळताना तुटत नाही. शेवटचं पान अर्धं एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला. ते पान ज्याने कोरलं त्याने दोन्ही अंगांना उभं राहून मोजमाप घेतलं असणार. पोऱ्याने मांजाची काडी काखेत धरून त्या पानावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "आठे पाल ऱ्हास."

मलिक राजा इथे पुरला गेला. नासिरखान १४३७ मध्ये बहामनी फौजेकडून मार खाऊन लळिंगमध्ये अडकला आणि तिथेच मेला. त्याला इथे आणलं. त्याचा मुलगा मिरान आदिलखान १४४१ मध्ये बऱ्हाणपूरला मारला गेला, त्यालाही इथेच. मग मिरान मुबारक, १४५७. राजधानी केव्हाच गेली होती, तरी चार पिढ्या राजांची माती याच उतारावर येत राहिली. पुढच्या राजापासून मात्र कबरीही बऱ्हाणपूरलाच. १५०९ मध्ये गुजरातच्या महमूद बेगड्याने आपल्या मुलीच्या मुलाला, तिसऱ्या आदिलखानाला, गादीवर बसवायला थाळनेर निवडलं. गावाच्या वाट्याला आलेला तो शेवटचा राज्याभिषेक. १६०१ च्या आरंभी असीरगड पडला, अकबराने फारुकींचं राज्य संपवलं आणि खान्देशचं नाव शाहजादा दानियालवरून दानदेश ठेवलं. ते नाव लोकांच्या तोंडी काही बसलं नाही.

खान्देश हे नाव तरी कुठून आलं? फारुकी राजे खान म्हणवत, म्हणून खानांचा देश, हे फिरिश्त्याचं म्हणणं. कान्हदेशापासून आलं म्हणणारे आहेत, यादवांच्या सेउणदेशाशी नातं जोडणारेही आहेत. माझा मामेभाऊ कान्हदेशवाला आहे. त्याच्याशी मी वाद घालत नाही, कारण बट्टी त्याच्याकडे मिळते.

आता किल्ला. नदीच्या अंगाला अजून उभे असलेले विटा-मातीचे तट आणि बुरूज सोडले तर पडझडच जास्त. आत पांढरीची माती, खापऱ्या, बोरी-बाभळी. एका ठिकाणी पावसाने काठ कापून काढला होता तिथे थर स्पष्ट दिसत होते: खाली पिवळा गाळ, वर राखेचा करडा पट्टा, त्यावर फुटक्या कौलांचा आणि विटांचा, मग पुन्हा माती. मी नखाने एक खापरी सैल केली, पाहिली आणि परत तिथेच बसवली.

हा किल्ला कसा होता याचं चांगलं वर्णन तो पाडणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. मद्रास फौजेतला अधिकारी व्हॅलेंटाइन ब्लॅकर याचा युद्धवृत्तांत १८२१ मध्ये छापला गेला, त्यात ते येतं. एक बाजू थेट तापीतून उठलेली. उरलेल्या तिन्ही बाजूंना शंभर-दीडशे यार्ड रुंदीचा खोलगट भाग. तट साठेक फूट उंच. आत जायला एकच वाट आणि तिच्यावर एकामागोमाग पाच दरवाजे, मधे वळणावळणाचा चिंचोळा मार्ग.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यात थाळनेर आलं. इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन सेंधव्याचा घाट उतरला आणि २७ फेब्रुवारीला इथे पोचला. किल्ला तहाने आपला झालाय, अशी त्याची समजूत. पण किल्ल्यावरून गोळी आली. किल्लेदार तुळशीराम मामा. हिस्लॉपने निरोप पाठवला की प्रतिकार केलास तर बंडखोर समजू. उत्तर नाही. तोफा सुरू झाल्या, दुपारी पायदळ दरवाजाशी भिडलं. पहिले दोन दरवाजे फारसा त्रास न होता गेले. तिसऱ्यापाशी किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि स्वाधीन झाला. चौथाही उघडा होता. पाचवा बंद. आत अरब शिबंदी. तिची भाषा बाहेरच्यांना येईना, बाहेरच्यांची आतल्यांना. बरीच घासाघीस झाल्यावर दिंडी उघडली आणि तीन-चार अधिकारी मूठभर शिपायांसह आत शिरले. काय बोलणं झालं, कोण कशाला बिचकलं, हे सांगायला आतल्यांपैकी कुणी उरलं नाही. झटापट उडाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच मेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि तीनशेच्या आसपास शिबंदी कापून काढली. स्वाधीन झालेल्या तुळशीराम मामाला त्याच संध्याकाळी किल्ल्याच्या बुरुजावर फाशी दिलं.

किल्लेदार तर आत झालेल्या झटापटीच्या वेळी त्यांच्याच ताब्यात होता. हे तिकडेही खटकलं. १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या युद्धाबद्दल सेनापतींच्या आभाराचा ठराव केला, तेव्हा हिस्लॉपच्या बाबतीत थाळनेरचं प्रकरण मुद्दाम वगळलं. आभार मानताना ठेवलेली ती एक फट, एवढाच काय तो तुळशीराम मामाचा न्याय.

ज्या फिरिश्त्याच्या आधाराने मी वर मलिक राजाची गोष्ट सांगितली, त्याचा इंग्रजी अनुवाद जॉन ब्रिग्जचा, चार खंड, १८२९. हाच ब्रिग्ज १८१८ मध्ये खान्देशचा पहिला इंग्रज पोलिटिकल एजंट होता आणि त्यानेच कारभाराचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. म्हणजे थाळनेरची राजधानी गेली त्याची हकीकत ज्याने जगाला वाचायला दिली, त्यानेच धुळ्याला राजधानीसारखं केलं. पुढे १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार निघाला.

लढाईने थाळनेर संपलं, असं वाटायचा संभव आहे. मला तसं वाटत नाही. लढाया त्याने आधीही पाहिल्या होत्या आणि दर वेळी ते पुन्हा उठलं, कारण रस्ता होता. व्यापारी पेढ्या इथे विसाव्या शतकापर्यंत होत्या. गुजरातेतून याच वाटेने आलेली घराणी इथे रुजली. त्यांतले एक सधन व्यापारी हरिदास रामदास लाड. त्यांची मुलगी नर्मदा दीनानाथ मंगेशकरांना दिली; ती लवकर गेली, आणि मग तिची धाकटी बहीण शेवंती. शेवंती म्हणजे माई मंगेशकर. लता मंगेशकरांचं आजोळ ते हे. पावागडचे गरबे लताबाई लहानपणी आजीकडून शिकल्या, हे त्यांच्या चरित्रांतून येतं. ती आजी थाळनेरची. तापीच्या काठावर खान्देशात राहून पावागडच्या देवीचे गरबे म्हणणारी बाई कुठून आली, याचं उत्तर फिंच आणि रो यांच्या मुक्कामांच्या यादीत आहे. आप्पांनी टपरीवरून हात लांब करून गल्ली दाखवली. "लताबाईना आजाना वाडा त्या बाजूले व्हता." हजिऱ्याचं नाव सांगताना नव्हता तो अभिमान इथे होता.

रस्ता गेला तो असा. सुरतेहून तापीच्या खोऱ्याने रेल्वे आली, १९०० च्या सुमारास ती जळगावला पोचली. तिची स्टेशनं बघा: नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा. तिथपर्यंत ती रो साहेबाच्या मागोमाग चालते. पण शिंदखेड्यानंतर रो थाळनेरला नदी उतरला. रेल्वे उतरली नाही. पूल बांधायचा खर्च कशाला, दक्षिण काठानेच नरडाणा, अमळनेर, धरणगाव करत ती जळगावला गेली. अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली, पुढे १९४५ मध्ये तिथेच तेलाचा कारखाना निघाला आणि त्याचं विप्रो झालं. आग्रा रोडने तापी ओलांडली ती शिरपूरच्या बाजूला, थाळनेरला वगळून. पूल झाला की उताराची किंमत शून्य. वाहनांना नदी किती खोल आहे हे माहीत असावं लागत नाही. शिंदखेड्याच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या कुणाला वाटलंही नसेल की साडेपाचशे वर्षांचा रस्ता इथून वेगळा फुटतोय.

परतीची गाडी साडेपाचला होती. मधल्या वेळात पोऱ्याने मला घाटावर नेलं. पाणी होतं, संथ; वर हतनूरचं धरण, खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज, त्यामुळे तापी आता अडत अडत, ठरवून दिल्यासारखी वाहते. काठावरच्या गाळात पाय घोट्यापर्यंत जात होते. मी विचारलं, जुन्या काळी माणसं, बैलगाड्या नेमकी कुठून पलीकडे जायची? त्याला प्रश्नच कळला नाही. मांजाची काडी गाळात खोचून तो दगड मारत बसला.

मग वरून म्हशी आल्या. पंधरा-वीस असतील, मागे एक गुराखी, डोक्याला टॉवेल. घाटाच्या पायऱ्यांपाशी त्या थांबल्या नाहीत. काठाने डावीकडे शंभरेक पावलं गेल्या, बुरुजाच्या सावलीखाली वळल्या आणि एकीमागे एक पाण्यात शिरल्या. पोट बुडालं, पाठ बुडाली, मग पुन्हा पाठ वर आली. मधल्या एका पट्ट्यात पाणी त्यांच्या गुडघ्यांशी होतं. सरळ नाही, तिरक्या रेषेत, पलीकडच्या काठाकडे.

"इकडूनच का?" मी गुराख्याला विचारलं.

"मी कोठे सांगस त्यास्ले," तो म्हणाला. "म्हशीस्ले वाट मालूम शे."